दीड इंच माया

साताऱ्यातल्या मोती चौकाच्या मागे एका बोळात आमच्या टेलरमामांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर एकावर एक लटकलेली तीन वर्षांची कॅलेंडरं. दिवाळीच्या तोंडावर मी तिथे अकरा ब्लाउजांचं गाठोडं नेऊन सोडलं. मामांनी वरचा ब्लाउज उचलला, आडवा ताणून बघितला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ब्लाउजकडे.

"कुणाचे आहेत, मॅडम?"

"माझेच."

मामा पुढे काही बोलले नाहीत. जन्मभर बायकांची मापं घेणारा माणूस मितभाषी असावा लागतो, म्हणून तर दुकान चालतं. गळ्यातली टेप काढून त्यांनी नुसतं "हं" म्हटलं. त्या "हं"मध्ये माझे गेलेले चौदा किलो होते.

७८ होते, ६४ झाले. दीड वर्ष लागलं. वय वर्षं ६३. चौतीस वर्षं बँकेत कॅशिअर म्हणून काढल्यामुळे मला आकडे आधी सांगायची खोड आहे, तेव्हा हेही सांगून टाकते की हे सगळं एका आकड्यावरून सुरू झालं. मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती रक्ततपासणी असते ना, ती ६.३ आली. डॉक्टर म्हणाले, "साडेसहाला आम्ही मधुमेह म्हणतो. तुम्ही उंबरठ्यावर उभ्या आहात." मी मनात वजाबाकी केली. शिल्लक, दशांश दोन. इतक्या कमी शिलकीवर आम्ही कुणाला चेकबुकसुद्धा देत नव्हतो.

वजन उतरवण्याचा माझा हा पहिला प्रयत्न नव्हे. २०१८च्या सुमाराला महाराष्ट्रात घराघरांत आहारावरून दोन पक्ष पडले होते, ते आठवत असेल. डॉ. दीक्षितांचं म्हणणं, दिवसातून दोनदाच जेवा, पण प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत पोटभर जेवा. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, थोडं थोडं दर दोन तासांनी खा, आणि तुपाला घाबरू नका. मी स्वभावाने समन्वयवादी. दीक्षितांकडून पोटभर घेतलं, दिवेकरांकडून दर दोन तासांनी घेतलं. वर तूप. तीन महिन्यांत दोन किलो वाढले. यात दोघांचाही काही दोष नाही.

या खेपेला मात्र काही पक्ष वगैरे धरला नाही. रात्रीचा भात बंद केला, साताऱ्यात राहून कंदी पेढ्यांच्या दुकानावरून मान वळवून जायला शिकले आणि रोज पहाटे 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढायला लागले. पहिल्या महिन्यात अर्ध्या वाटेवरच्या दगडावर बसून अजिंक्यतारा नुसता खालूनच बघायचे. सहाव्या महिन्यात त्या दगडावर बसायचं विसरले. गुडघ्यांचं तर विचारूच नका. एक किलो वजन उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका होतो, असं वाचलं होतं. म्हणजे माझ्या गुडघ्यांवरून दर पावलाला छप्पन्न किलोंचं एक माणूस खाली उतरलं. इतकी वर्षं कोण बसलं होतं तिथे, देव जाणे.

इथपर्यंत गोष्ट यशाची आहे. यशाच्या गोष्टी लोक इथेच संपवतात. माझी अडचण इथून पुढे आहे.

पहिली अडचण मराठी भाषेची. आपल्याकडे माणूस जाड झाला की त्याची तब्येत सुधारते आणि बारीक झाला की तब्येत उतरते. मूल गुटगुटीत, सून भरल्या अंगाची, जावई खात्यापित्या घरचा. आणि बारीक माणूस? काटकुळा, हडकुळा, सुकट बोंबील, पाप्याचं पितर. वजनही उतरतं, चेहराही उतरतो आणि भावही उतरतो, क्रियापद एकच. मी वजन उतरवायला गेले आणि उरलेल्या दोन गोष्टी सोबत फुकट मिळाल्या.

भाजीवालीने विचारलं, "ताई, शुगर निघाली का?" वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी "सुनेशी पटत नाही का हल्ली?" असं डोळ्यांनी विचारलं. मला सून नाही, मुलगी आहे, पण डोळ्यांना एवढा तपशील कुठला असायला! कळस केला आमच्या थोरल्या वन्संनी. पुतण्याच्या लग्नात त्यांनी मला हाताला धरून मुदपाकखान्यामागे नेलं, आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "माझ्यापासून तरी लपवू नकोस. कितवी स्टेज आहे?"

मी म्हटलं, "वन्सं, रात्रीचा भात सोडलाय."

त्या मला जवळ घेऊन म्हणाल्या, "असंच हसत राहा हो."

त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. काही न करता वजन उतरलं तर आधी डॉक्टर गाठावा, हे खरंच आहे; डॉक्टरांनीही मला पहिलं तेच विचारलं होतं, ठरवून उतरवलंत ना? पण त्या दिवशी जेवताना आमच्या पंगतीत जिलब्यांचा आग्रह मला एकटीलाच झाला. शेवटची इच्छा असावी तसा.

दुसरी अडचण आरशाची. वजन उतरत होतं तेव्हा माझ्या डोक्यात एक चित्र होतं, ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. १९९६ साली धाकट्या दिरांच्या लग्नात काढलेला माझा एक फोटो आहे. जांभळी इरकल, त्यावर तसाच जांभळा ब्लाउज, वय पस्तीस आणि वजन, योगायोग बघा, ६४. तेव्हा मला ते जास्त वाटायचं, हा भाग वेगळा. माझा समज असा की काटा ६४वर आला की ही बाई परत येईल. कुठेतरी आत असेलच ती. वरचा पसारा काढला की सापडेल, माळ्यावरच्या ट्रंकेसारखी.

काटा ६४वर आला. बाई आली नाही. तिच्याऐवजी माझ्या आईच्या थोरल्या बहिणीसारखी दिसणारी एक बाई आरशात उभी राहिली. गालांतली चरबी गेली तशा सुरकुत्या वर आल्या. त्या आधीपासून होत्याच, आतून हवा भरल्यामुळे दिसत नव्हत्या. गळ्याखाली दोन दोऱ्या आल्या. पोट गेलं, पण पोटाचा अभ्रा राहिला. उशी काढून घेतल्यावर अभ्रा जसा पडतो तसा. आणि दंड! टाटा करायला हात वर केला की मी थांबल्यावरही दंडाखालचा भाग आणखी जरा वेळ टाटा करत राहतो.

मी त्यावर वाचन केलं. कातडीला ताणून पुन्हा जागेवर आणणारे जे तंतू असतात त्यांना इलॅस्टिन म्हणतात. ते बहुतेक सगळे आपल्या लहानपणीच तयार होतात. मोठेपणी नवे जवळजवळ होतच नाहीत. म्हणजे जन्माला येताना मिळालेलं इलॅस्टिक, तेच शेवटपर्यंत पुरवायचं. जन्मभर कपड्यांतल्या इलॅस्टिकची शक्ती जाताना बघितलेल्या बाईला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. तिशीत वजन उतरवलं असतं तर कातडी बरीचशी मागे गेली असती. त्रेसष्टाव्या वर्षी ती म्हणते, आता राहू द्या, बसलेय ती बरी आहे.

"अहो, मी फार म्हातारी दिसायला लागले का?" असं एकदा घरात विचारून बघितलं. आमचे हे मूळचे रत्नागिरीचे. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "अगं, हापूस सुरकुतला की मगच गोड लागतो."

मी म्हटलं, "सुरकुतलेल्या हापूसची पेटी आली तर तुम्ही भाव पाडून मागता."

पेपर जरा आणखी वर गेला.

मग माझ्यातल्या कॅशिअरला प्रश्न पडला की चौदा किलो गेले कुठे? संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नव्हतो. मला वाटायचं घामातून गेले, किंवा त्या चरबीची ताकद झाली. तसं नसतं. २०१४ साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी याचा हिशेबच मांडला: दहा किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. हे वाचून मी थक्क झाले. इतक्या वर्षांची बेसनाची वडी, दिवाळीचे अनारसे, बँकेतल्या निरोप समारंभांचे सामोसे मी चार भिंतींच्या चढावर नुसते उच्छ्वासातून सोडून दिले. वाटेतल्या झाडांनी ते घेतलेही असतील. त्या चढावर एक कडुनिंब आहे, तो अलीकडे चांगलाच भरलाय. त्याची तब्येत सुधारली म्हणायची.

दहाचा हिशेब लागला. उरलेले चार? ते डॉक्टरांनी सांगितलं आणि तेवढं मला आवडलं नाही. उतारवयात वजन कमी होतं तेव्हा साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो. त्यात स्नायूही जातात. तिशीनंतर दर दहा वर्षांनी ते ३ ते ८ टक्के आपसूकच घटतात, साठीनंतर जास्त. म्हणजे व्याज फेडता फेडता मी थोडं मुद्दलही देऊन बसले होते. डॉक्टर म्हणाले, "आता वजनाचा काटा पुरे. डाळी, दूध, अंडं चालत असेल तर अंडं खा, आणि हातात काहीतरी वजन घेऊन व्यायाम करा."

डंबेल विकत आणायची मला लाज वाटली. मी मिठाचे एक-एक किलोचे दोन पुडे घेते. सकाळी गॅलरीत उभी राहून दहादा वर, दहादा खाली. समोरच्या इमारतीतल्या लोकांना पहिले काही दिवस मी कुणाची दृष्ट काढतेय असं वाटलं. यात सोय अशी की महिनाअखेर डंबेल आमटीत जातं.

तर दंड. शेवटी सगळं त्या दंडापाशी आलं.

दिवाळीआधी मुलगी पुण्याहून नातवाला घेऊन आली. नातू पाच वर्षांचा. दुपारी माझ्याशेजारी लोळत पडला होता, हातात मोबाइल नव्हता, त्यामुळे करायला काही नव्हतं. त्याने माझ्या दंडाची ती सैल कातडी चिमटीत धरली, ओढली, सोडली. पुन्हा ओढली. तळव्यावर घेऊन हलवून बघितली. मी पदर ओढून घेणार इतक्यात म्हणाला, "आजी, तुझा हात किती थंड आणि मऊ आहे." आणि त्याच दंडावर गाल टेकून झोपून गेला.

मी पदर अर्ध्यावर तसाच धरून पडून राहिले. कारण तो थंडपणा मला माहीत होता.

वाईला, आजोळी, उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी माजघरात अंधार करून सगळ्यांना झोपवायचे. आजीच्या शेजारची जागा मिळवायला आम्हा नातवंडांत मारामाऱ्या व्हायच्या, त्या तिच्या दंडासाठी. बाहेर वैशाख पेटलेला असायचा आणि आजीचा दंड माठासारखा गार. तोही असाच सैल, असाच लोंबता, मळून ठेवलेल्या कणकेसारखा. मी तो या हातातून त्या हातात घ्यायची. आजी झोपेतच म्हणायची, "तोडून नेशील गं बाई." पण हात काढून घ्यायची नाही. तो हात म्हातारा आहे, त्यात काहीतरी कमी आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं. आजीचे हात असेच असतात, एवढंच ठाऊक होतं. जसं माठ गार असतो.

आता विचार करते तर आजीच्या अंगाचं माप कुणी कधी घेतलंच नव्हतं. नऊवारी लुगडं, गुळेदगुड्डच्या खणाची चोळी आणि चोळीला पुढे गाठ. अंग भरलं की गाठ जरा सैल, अंग उतरलं की जरा घट्ट. बाळंतपणात तीच, म्हातारपणात तीच. घरात तराजू होता तो धान्याचा. आजीला स्वतःचं वजन माहीत नव्हतं आणि वय विचारलं तर ती प्लेगच्या सालापासून मोजायची. सुख होतं असं मी म्हणत नाही. सात बाळंतपणं आणि पहाटेचं जातं, त्यात कसलं सुख! पण पस्तिशीतली आजी परत यावी म्हणून ती आरशासमोर उभी राहिली नसेल, एवढं नक्की. एक तर आरसा हातभर होता, तो कुंकवापुरता. आणि दुसरं, ती आजी कुठे गेलेलीच नव्हती. चोळीची गाठ सोडून पुन्हा बांधावी तशी ती त्याच चोळीत वय बदलत राहिली.

गाठोडं देऊन आठ दिवस झाल्यावर टेलरमामांकडे गेले. दहा ब्लाउज तयार होते. अकरावा, जांभळा, त्यांनी बाजूला काढून ठेवला होता.

"मॅडम, हा बघून घ्या. मग ठरवा."

त्यांनी ब्लाउज उलटा करून बाजूची शिवण उसवली होती. आत दीड इंच माया निघाली. बाहेरचं कापड धुऊन धुऊन वांग्याच्या भरितासारखं झालेलं, पण आतली ती पट्टी अजून तशीच गर्द जांभळी. १९९६च्या फोटोतला रंग, जसाच्या तसा. मी बोट लावून बघितलं. आणि त्या पट्टीवर सुईच्या बारीक भोकांच्या ओळी होत्या, एकीशेजारी एक, तीन.

मामांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. "ही पहिली, मूळची. ही दुसरी, एक बोट सोडलेलं. ही तिसरी, त्याच्याही पुढे."

दुसरी ओळ मला ओळखता आली. सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर होत्या, तेव्हा मी रात्री उरलेलं सगळं उभ्याने खायची, त्यानंतरची. तिसरी पन्नाशीतली. पाळी गेली, बदली कऱ्हाडला झाली आणि रोजच्या एसटीच्या प्रवासात स्टँडवरचा वडा ठरलेला. मी इतकी वर्षं ज्याला वाढलेलं वजन म्हणत होते, ते मामांच्या दुकानात नुसतं एक-एक बोट सोडणं होतं. शिंप्याने पहिल्याच दिवशी आत कापड ठेवलं होतं. त्याला ठाऊक होतं, बाई आहे, लागेल. मराठीत त्या कापडाला माया का म्हणतात, याचा मी चौतीस वर्षं नोटा मोजताना कधी विचार केला नव्हता.

"मग पहिल्या शिवणीवर घ्या ना परत," मी म्हटलं. "वजन तेवढंच आहे आता."

मामा घुटमळले. टेप एकदा गुंडाळली, एकदा सोडली. "घेरात बसेल. पण टक्स..." ते कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "टक्स जरा खाली घ्यावे लागतील. आणि खांदा पुढे आलाय, तो पाव इंच. म्हणजे माप तेच, पण... बसण वेगळी."

माप तेच, पण बसण वेगळी. डॉक्टरांना, आरशाला आणि आमच्या ह्यांना दीड वर्षात जे नीट सांगता आलं नाही ते मामांनी टक्सवरून सांगितलं. मी हसायला लागले. मामांना वाटलं, रागावले नाही म्हणजे बरं झालं, तेही हसले.

"घ्या खाली," मी म्हटलं. "आहेत तिथे घ्या."

"आणि ही आतली माया कापून टाकू? आता एवढी कशाला? काखेत टोचेल."

मी त्या गर्द पट्टीकडे बघितलं. नंतर नकळत स्वतःच्या दंडाकडे.

"कापू नका. आत दुमडून राहू द्या."

मामांनी चष्म्यावरून बघितलं. "परत वाढणार आहात होय?"

"सांगता येत नाही, मामा. दिवाळी आलीय."

लक्ष्मीपूजनाला मी ती जांभळी इरकल नेसले. पूर्वी पाच निऱ्या यायच्या, आता आठ आल्या. साडीलासुद्धा मधल्या काळात लपवून ठेवलेलं बरंच काही होतं. मुलीने फोटो काढला. मी तो १९९६च्या फोटोशेजारी ठेवून बघितला नाही. हात वर करून दिव्याची वात सारली तेव्हा दंड मागून हलला, आणि नातवाने तो पुन्हा पकडला.

ब्लाउज छान बसलाय. काखेत जरा टोचतो. टोचू दे, पडेल अंगवळणी.